डोंगराच्या पाण्याला वाट द्या

(सामुदायिक रेडिओच्या महिला कार्यक्रमात झालेलं भाषण)

 

एप्रिल सरत आला. घरोघरी आगोटीची कामं चालू आहेत. कौलं चाळायची, लाकडं पडवीत रचायची, डाळी-कडधान्यं उन्हं दाखवून डब्यात भरायची, मिरच्या कांडायच्या. पावसाळ्याचे चार महिने घर कोरडं राहावं म्हणून आपण बायका दोन महिने आधीपासून राबतो. आज आम्ही तुम्हाला आगोटीचं आणखी एक काम सांगणार आहोत. ते घरात नाही, घराच्या मागे आहे. परसदारी जो डोंगर उभा आहे, त्याच्या पाण्याला वाट करून देण्याचं काम.

आपण सगळ्या डोंगराच्या कुशीतल्या. कुणाची वाडी माथ्याखाली, कुणाची उताराच्या मधोमध, कुणाची अगदी पायथ्याला. या डोंगरानं आपल्याला पाणी दिलं, सरपण दिलं, रानभाज्या दिल्या. पण गेल्या काही वर्षांत पाऊस जोर धरायला लागला की आपला डोळ्याला डोळा लागत नाही. त्याला कारणही तसंच आहे.

२००५ च्या जुलैत महाड तालुक्यात दासगाव, जुई, कोंडिवते, रोहण या गावांवर दरडी आल्या. ३० जुलै २०१४ ला सकाळी आंबेगाव तालुक्यातलं माळीण डोंगराखाली गेलं. दीडशेवर माणसं गेली. २२ जुलै २०२१ ला महाडच्या तळियेवर दरड आली, ८० हून अधिक माणसं गेली. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी गाडली गेली. २७ मृतदेह हाती लागले, ५७ माणसं सापडलीच नाहीत. आणि ही वाडी धोक्याच्या गावांच्या यादीत नव्हती. म्हणून आम्ही म्हणतो, यादीत आपलं नाव नाही एवढ्यावर निर्धास्त राहू नका.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. या सगळ्या तारखा जुलैच्या आहेत. जूनच्या पहिल्या सरीला सहसा मोठी दरड येत नाही. महिनाभर पाऊस मुरतो, डोंगर पोटभर पाणी पितो, आणि मग दोन-तीन दिवस संततधार लागली की तो सुटतो. म्हणजे पाऊस वरून पडला यापेक्षा तो आत किती मुरला, आणि आत मुरलेल्याला बाहेर यायला वाट होती की नाही, यावर खेळ आहे.

हे समजायला लांब जायला नको. आपल्या भाताच्या खाचरात चला. मे महिन्यात त्याच खाचरात कुदळ मारली तर हाताला झिणझिण्या येतात, इतकी जमीन घट्ट. आणि जुलैत चिखलणी झाल्यावर लावणीला उतरलो की पाय पोटरीपर्यंत आत जातो. माती तीच, फरक फक्त पाण्याचा. कोरड्या किंवा थोड्या ओल्या मातीचे कण एकमेकांना धरून असतात. पोरं ओल्या वाळूचे खोपे करतात ना, ते उभे राहतात ते याचमुळे. पण वाळूत पाणी भरलं की खोपा बसतो. कणांच्या मधल्या सगळ्या फटी पाण्यानं भरतात, ते पाणी दाबाखाली येतं आणि कणांना एकमेकांपासून ढकलतं. मातीची पकड सुटते. त्यात भिजलेली माती जड होते. म्हणजे धरणारे हात सैल झाले आणि डोक्यावरचं ओझं वाढलं. मग उतार कसा टिकणार?

आपल्या डोंगरात आणखी एक गोष्ट आहे. वर मातीचा आणि मुरमाचा थर, खाली काळा कातळ. काही ठिकाणी वर जांभा आणि त्याखाली पांढरट-पिवळसर चिकणमाती. पाणी वरच्या थरातून झरझर खाली जातं आणि कातळाशी किंवा चिकणमातीशी अडतं. तिथे ते साठतं, उताराच्या दिशेनं सरकतं. वरचा थर त्या ओल्या पृष्ठभागावर बसलेला असतो, ओल्या ओट्यावर ठेवलेल्या ताटासारखा. ओटा सपाट असला तर ताट जागेवर राहतं. ओटा तिरका असला तर?

म्हणून दरडीला धरून ठेवायचं असेल तर पहिलं काम भिंत बांधण्याचं नाही. पहिलं काम पाणी आत जाऊ न देण्याचं, आणि गेलेलं बाहेर काढण्याचं. यालाच अभियंते पाण्याचा निचरा म्हणतात.

आता हे पाणी येतं कुठून? आपण फक्त आभाळाकडे बोट दाखवतो. पण थोडं गणित करू. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी. आपलं साधं ५० चौरस मीटरचं छप्पर धरा. दिवसात २०० मिलिमीटर पाऊस झाला, आणि तो आपल्याकडे होतोच, तर एका छपरावरून १०,००० लिटर पाणी पागोळ्यांतून खाली पडलं. म्हणजे पाण्याचा एक मोठा टँकर. वाडीत वीस घरं असतील तर एका दिवसात वीस टँकर आपण आपल्याच पायाखाली ओतले. २०२१ च्या त्या जुलैत महाबळेश्वरला २४ तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्या हिशेबानं एका छपराचे जवळजवळ ३०,००० लिटर. हे पाणी घराच्या मागे, जिथे आपण जागा करायला डोंगर उभा कापलाय, तिथेच पडून मुरतं.

दुसरं पाणी आपल्या मोरीचं आणि नळाचं. पूर्वी डोक्यावरून दोन हंडे आणायचो, तेव्हा सांडपाणी ते किती असणार? अळवाच्या वाफ्याला पुरत नसे. आता नळ दारात आला. फार चांगलं झालं, आपले खांदे आणि मान सुटली. पण पाणी येण्याची सोय झाली तशी जाण्याची झाली नाही. मोरीचं पाणी परसात, टाकीचं वाहून गेलेलं पाणी उतारावर, आणि फुटलेली जलवाहिनी आठवडा आठवडा तशीच गळत राहते. हे पाणी बाराही महिने मुरत असतं, म्हणजे पावसाळा सुरू व्हायच्या आधीच डोंगर तिथे भिजलेला असतो.

तिसरं पाणी रस्त्याचं. वाडीपर्यंत गाडी यावी म्हणून डोंगर कापून रस्ता होतो, त्याचं आपण नारळ फोडून स्वागत करतो. पण रस्त्याला वरच्या कडेला गटार केलं नाही, मोऱ्या नीट टाकल्या नाहीत, तर तो रस्ताच ओहोळ होतो. सगळ्या उताराचं पाणी गोळा करतो आणि वळणावर एकाच ठिकाणी खाली सोडतो. त्या ठिकाणाखाली कुणाचं घर आहे, हे रस्त्याच्या नकाशात नसतं.

आता आम्ही जे सांगणार आहोत ते काहींना उलटं वाटेल. लहानपणापासून आपण ऐकलंय, पाणी अडवा, पाणी जिरवा. भिंतीवर ती घोषणा, शाळेच्या निबंधात ती, प्रभातफेरीत ती. ती खोटी नाही. माण-खटावसारख्या कोरड्या मुलखात त्यावर गावंच्या गावं उभी राहिली. पण जे औषध तापाला, ते पोटदुखीला चालत नाही. जिथे तीव्र उतार आहे, पाऊस धो धो आहे आणि खाली माणसांची घरं आहेत, तिथे डोंगराच्या अंगावर समतल चर खणून पाणी मुरवायचं, घरांच्या डोक्यावर शेततळं करायचं, उतारावर शोषखड्डे घ्यायचे, हे धोक्याचं आहे. माळीणच्या दुर्घटनेनंतर भूवैज्ञानिकांच्या पाहणीत अतिवृष्टी आणि तीव्र उतार यांच्याबरोबर उताराच्या सपाटीकरणाचाही मुद्दा निघाला. त्यावर पुढे वादही झाले. पण आपल्यासाठी धडा एवढाच घ्या की घरांच्या वरच्या उतारावर पाणी थांबवायचं नाही. तिथे आपली घोषणा वेगळी हवी. पाणी वळवा, पाणी वाहू द्या. मुरवायचं असेल तर खाली, सपाटीला, घरं ओलांडून गेल्यावर मुरवा. उन्हाळ्याची टंचाई आम्हाला ठाऊक आहे. हंडा घेऊन चालणाऱ्या आपणच. म्हणून पाणी जिरवायचं की नाही असा आमचा प्रश्नच नाही. जागा कुठली, एवढंच आम्ही विचारतो.

तर काय करायचं? एकेक बघू.

पहिलं, पन्हळी. प्रत्येक छपराला पन्हळ, पन्हळीला नळ, आणि तो नळ बांधीव गटारात. घरामागच्या कापलेल्या उताराकडे एकही पागोळी पडता कामा नये. काही पाणी टाकीत भरून ठेवलं तर धुण्याला येईल, पण भरलेली टाकी वाहून कुठे जाते तेही बघा. मोरीचं पाणीही नळीतून त्याच गटारात.

दुसरं, माथ्यावरचा चर. घरामागे डोंगर कापलेला असेल तर त्या कापाच्या वर, कडेपासून थोडं मागे, आडवा चर घ्यायचा. वरून येणारं पाणी त्यात पडेल आणि बाजूला वळेल. हा चर सपाट नको, नाहीतर तोच तळं होईल. शंभर फुटाला फूट-दोन फूट तरी उतार हवा. आणि तो नुसता मातीत खणून सोडायचा नाही. आतून दगड-सिमेंटनं बांधून घ्यायचा. कच्च्या चरात पाणी मुरतं, आणि मुरतंही नेमकं डोंगराच्या डोक्यात. असा गळका चर नसलेला बरा.

तिसरं, उतरत्या गटाराच्या पायऱ्या. उभ्या उतारावरून पाणी सरळ सोडलं तर ते जमीन उकरत जातं. पायऱ्या-पायऱ्यांनी उतरवलं तर त्याचा जोर मोडतो.

चौथं, शेवट कुठे? हा सगळ्यात अवघड प्रश्न. पाणी शेवटी पक्क्या वहाळात, पऱ्यात गेलं पाहिजे. आपल्या दारातून काढून खालच्या घराच्या मागे सोडलं तर आपण दरड फक्त पुढे ढकलली. वरची वाडी, खालची वाडी, मधला वाद, सगळं आम्हाला माहीत आहे. गटार न्यायचं म्हटलं की कुणाचा बांध आड येतो, कुणाची कलमं, कुणाचं जुनं भांडण. आणि बहुतेक ठिकाणी ज्यांची घरं सगळ्यात वाईट जागी आहेत, त्यांचंच बोलणं बैठकीत सगळ्यात कमी ऐकलं जातं. म्हणून गटाराची आखणी खालच्या घरापासून सुरू करा. आधी वहाळ मोकळा करा, मग खालचं गटार, मग वरचं. उलटं केलं तर मधल्या काळात खालच्यांचं मरण.

पाचवं, भिंत. संरक्षक भिंत बांधली की आपण निश्चिंत होतो. पण सिमेंटच्या भिंतीला पाणी जायला भोकं नसतील, मागे दगड-खडीचा भराव नसेल, तर ती भिंत म्हणजे धरण झालं. मागे पाणी साठतं, दाब वाढतो आणि एक दिवस भिंत पोट काढते. आपले जुने लोक सिमेंटाशिवाय दगडावर दगड रचून गडगा घालायचे. त्या गडग्यातून पाणी पाझरून जातं, म्हणून पिढ्यान् पिढ्या टिकलेले गडगे आहेत. नवी भिंत होत असेल तर तिथे उभं राहून विचारा, दादा, पाणी जायची भोकं कुठे आहेत? आणि भोकं असतील तर दर पावसाळ्याआधी ती माती-पाल्यानं बुजलेली नाहीत ना, हे काठी घालून बघा.

याच्या पुढची कामं आहेत. जमिनीखाली दगड भरलेले पाझर-चर, डोंगरात थोड्या वरच्या चढणीनं आडव्या घातलेल्या भोकांच्या नळ्या. ती अभियंत्यांची कामं. आपण त्यात हात घालायचा नाही, पण असं काही असतं हे माहीत असलं म्हणजे मागता येतं.

आता कुणी म्हणेल, गटारं करून कुठे डोंगर थांबतात? तर ऐका. हाँगकाँगला १८ जून १९७२ ला एकाच दिवशी दोन ठिकाणी उतार कोसळले, १३८ माणसं गेली. त्यानंतर १९७७ मध्ये तिथे फक्त उतारांची काळजी घेणारं सरकारी कार्यालय सुरू झालं. ज्या पो शान भागात उतार कोसळला होता, तिथे त्यांनी डोंगरात पाझर-नळ्या घातल्या, पुढे डोंगराच्या पोटात बोगदे खणून पाणी काढलं. कुणी म्हणेल ते श्रीमंत शहर, आपली काय बरोबरी. तर मग वेस्ट इंडिजमधलं सेंट लुसिया हे छोटं बेट बघा. तिथे डोंगरउतारावर गरिबांच्या दाट वस्त्या आहेत, आपल्यासारख्याच. २००४ पासून तिथे ब्रिस्टल विद्यापीठातले अभ्यासक, सरकारी अभियंते आणि वस्तीतली माणसं एकत्र आली. घरोघर फिरून पाणी कुठून येतं, कुठे मुरतं याचे नकाशे केले. छपरांना पन्हळी, सांडपाण्याला नळ्या, उतारावर बांधीव गटारं, एवढंच केलं. कामावर मजूर वस्तीतलेच. २०१० मध्ये टोमास नावाचं मोठं वादळ आलं, बेटावर प्रचंड पाऊस झाला, कितीतरी ठिकाणी दरडी आल्या. निचरा केलेले हे उतार मात्र उभे राहिले.

उलट बाजूही सांगतो. माळीणचं पुनर्वसन आमडे इथे झालं, २०१७ च्या एप्रिलमध्ये लोक नव्या घरात गेले. जूनच्या पहिल्या जोरदार पावसात तिथे रस्ते खचले आणि भरावाची माती वाहून गेली. घर पक्कं असून भागत नाही, नव्या भरलेल्या जमिनीचं पाणी कुठे जाणार हे आधी ठरवावं लागतं.

आणि एक खरं बोलतो. निचऱ्यानं सगळ्या दरडी थांबत नाहीत. घरामागचा काप, रस्त्याकडेचा उतार, वाडीतला मातीचा थर, इथे त्याचा मोठा उपयोग होतो. पण शेकडो फूट वरून कडाच सुटला तर परसातला चर काय करणार? तिथे एकच उपाय, वेळेवर घर सोडणं. म्हणून खुणा ओळखा. जमिनीला, भिंतीला नवी भेग. सरळ झाडं, विजेचे खांब कलणं. दार-खिडकी एकाएकी घट्ट बसणं. झऱ्याचं पाणी अचानक गढूळ होणं, कधी नसलेल्या जागी पाणी फुटणं, किंवा वाहता पऱ्या भर पावसात आटणं. डोंगरातून घरघर आवाज. या खुणा आपल्याच नजरेला आधी पडतात, कारण पाण्यावर आपण जातो, सरपणाला आपण जातो. "बाईचं काय ऐकायचं" असं कुणी म्हटलं तरी गप्प बसू नका. पावसाआधी भेग दिसली तर ती चिकणमातीनं बुजवा, वर ताडपत्री टाका आणि ग्रामपंचायतीला कळवा. पण भर पावसात दिसली तर तिथे कुदळ-फावडं घेऊन जायचं नाही. लेकरं, म्हातारी माणसं आणि गुरांची दावी सोडून बाजूला निघायचं. वहाळाच्या वाटेनं खाली पळायचं नाही, दरड त्याच वाटेनं येते. जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७ आहे. चुलीमागच्या भिंतीवर कोळशानं लिहून ठेवा.

आता शेवटी, या आठवड्याचं काम. १ मेला ग्रामसभा आहे. त्याआधी महिला सभा व्हायला हवी, तो आपला हक्क आहे. त्या सभेत तीन गोष्टी मांडा. एक, वाडीचा पाण्याचा नकाशा. मागच्या पावसात कुठे पाणी साचलं, कुठून फुटलं, कुठली जलवाहिनी गळते, हे तुम्हाला तोंडपाठ आहे. जमिनीवर रांगोळीनं काढा, मुलींना वहीवर उतरवायला सांगा. दोन, अभियंता किंवा भूवैज्ञानिक यांची पाहणी मागा, आणि पन्हळी, गटारं, वहाळाची सफाई यांचा ठराव लिहून घ्या. रोजगार हमीतून यातलं काय बसतं ते विचारा. तीन, सफाईची पाळी. गटार बांधलं आणि पालापाचोळ्यानं भरलं तर ते नसल्यासारखंच. मेच्या शेवटी एकदा, आणि पावसात उघडीप मिळेल तशी परत. बचत गटाच्या हप्त्याची पाळी आपण चुकवत नाही, तशीच ही. मात्र या पाळीत पुरुषमंडळींचीही नावं घाला. गटार साफ करणं हे काही फक्त बायकांचं काम नाही.

ठरावाची प्रत मागून घ्या. आणि काय ठरलं ते आम्हाला रेडिओवर येऊन सांगा. एका वाडीनं केलेलं दुसऱ्या वाडीला ऐकू गेलं की काम सोपं होतं. पुढच्या बुधवारी याच वेळेला, वहाळ मोकळा करताना काय काय काळजी घ्यायची ते बोलू. तोवर मैत्रिणींनो, आज संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी घरामागे एक फेरी मारा, आणि पागोळी कुठे पडते ते बघून या.